नागपूरचं कमाल तापमान ९.४?

एप्रिल लागला की धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंत 'समर कोडिंग'चे बॅनर झळकतात आणि घराघरांत तट पडतात. आजोबा म्हणतात, दहावीआधीची शेवटची मोकळी सुट्टी आहे, पोट्ट्यांना हुंदडू द्या. आई म्हणते, ४५ डिग्रीत हुंदडणार कुठे? कूलरपुढे बसून दोन गोष्टी शिकतील तरी. हल्ली तिसराही सूर लागतो: कोड तर एआयच लिहून देतो, मग फी कशाला भरायची?

इंग्लंडमध्ये बसून यावर बोलणं सोपं आहे, हे मान्य. इथे सप्टेंबर २०१४ पासून जुना आयसीटी (माहिती व संवाद तंत्रज्ञान) विषय काढून शाळेत कम्प्युटिंग आणलं. अकरा ते चौदा वयाच्या मुलांनी दोन किंवा अधिक प्रोग्रॅमिंग भाषा वापरायच्या, त्यातली एक तरी अक्षरं टाइप करून लिहायची, असं अभ्यासक्रमातच आहे. जुलैअखेरपासूनच्या सहा आठवड्यांच्या सुट्टीत कोडिंगचे वर्ग इथेही भरतात. पण बऱ्याच घरांसाठी ती आई-बाबा कामावर असताना पोरांना सांभाळायची सोय असते. तेव्हा 'फॉरेनसारखा' पाच दिवसांचा रोबोट कॅम्प नागपुरात आणून फारसं काही हाती लागायचं नाही.

नागपूरकडे वेळ आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्रानंतर उघडतात. रोज दोन तास, वीस दिवस, म्हणजे चाळीस तास. एवढ्यात आठवी-नववीच्या मुलाचा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा पाया नक्की होतो. व्हेरिएबल आणि इनपुटला आठ तास, इफ आणि लूपला बारा, लिस्ट, फंक्शन आणि फाइल वाचायला दहा, उरलेले दहा स्वतःच्या प्रोजेक्टला. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या कम्प्युटर सायन्सलाही पायथनच आहे, त्यामुळे मेहनत वाया जात नाही. 'वीस दिवसांत दहा ॲप' म्हणणाऱ्याकडे मुलं फक्त स्क्रीनवरचे कोडचे तयार ठोकळे सरकवतात.

दोन तासांत सरांचं बोलणं पंचवीस मिनिटांच्या वर नको. एका पोरामागे एक मशीन हवं. दोघांत एक दिलं की एक टाइप करतो आणि दुसरा माना डोलावतो. मोबाइलवर शिकवतो म्हणणाऱ्याला तर हात जोडावेत. पायथनमध्ये ओळीआधीच्या चार स्पेसनाही अर्थ असतो, आणि बोटभर स्क्रीनवर त्या मोजता मोजता पोरगं रडकुंडीला येतं. थॉनी नावाचा, कोड लिहायचा फुकट एडिटर पेनड्राइव्हवरून टाकता येतो. पायथन त्याच्या आतच असतं, त्यामुळे नेट गेलं तरी वर्ग थांबत नाही. लाइट गेली तर थांबतो, म्हणून यूपीएस आहे का ते विचारावं. नोट्स वर्डमधून कॉपी करू देऊ नयेत: वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो, पायथनला ती चालत नाहीत, आणि डोळ्यांना तर फरक दिसत नाही. अर्धा तास तिथेच जातो.

आता एआयचं. समजा प्रोजेक्ट असा: वर्षभराचं नागपूरचं तापमान एका फाइलमध्ये आहे, त्यातला सर्वांत मोठा आकडा काढायचा. मुलगा फाइल वाचतो, मॅक्स ही सर्वांत मोठं शोधणारी आज्ञा लावतो आणि उत्तर येतं ९.४! लाल अक्षरांतला एरर नाही, काही नाही. झालं असं की फाइलमधून आलेला आकडा पायथनच्या लेखी आकडा नसतो, अक्षरांची माळ असते. माळांची तुलना पहिल्या अक्षरापासून होते, ४६.१ मधल्या चारपेक्षा नऊ मोठा, म्हणून डिसेंबरातली पहाट मे महिन्याच्या दुपारवर मात करते. उपाय एका शब्दाचा, फ्लोट: तो माळेचा खरा आकडा करतो. पण तो शब्द एआय देईल तेव्हा देईल, ९.४ बघून 'काहीतरी चुकतंय बे' हे म्हणायला नागपूरचं ऊन माहीत असलेलं आणि असा घोळ एकदा स्वतःच्या हातानं घातलेलं पोरगं लागतं. जाता जाता एक गंमत: फाइलमधले आकडे मराठीत, ४६.१ असे लिहिले असले तरी फ्लोट ते बरोबर वाचतो. थेट कोडमध्ये मात्र मराठी अंक टाइप केले की पायथन अडून बसतो.

म्हणून फी भरण्याआधी डेमो क्लासमध्ये सरांच्या फळ्याकडे पाहू नका, मागच्या बाकावरच्या स्क्रीनकडे पाहा. एरर आल्यावर सर माउस स्वतःच्या हातात घेतात, की 'शेवटची ओळ वाच, कितव्या ओळीवर म्हणतोय?' असं विचारतात? माउस घेणाऱ्यांकडे प्रोजेक्ट सुंदर होतात, सरांचे. आणि बॅच सकाळी सातची घ्या. अकरानंतर पोराला सायकलवर काढण्यात शहाणपण नाही. दुपारी आजोबांसोबत पत्ते कुटायला वेळ उरतोच.