टॅक्सची पावती खिशात आहे, म्हणून गाडी काढू नका

मेहुण्याने नवी गाडी बुक केली आणि दुसऱ्याच दिवशी घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला. तुम्हालाही आला असेलच. 'रोड टॅक्स भरल्याची पावती जवळ असेल तर नवीन गाडी पासिंग होईपर्यंत एक महिना बिनधास्त चालवा, पोलीस अडवू शकत नाहीत. ए/एफ लिहिलं की पुरे. इन्शुरन्स पहिल्या दिवसापासून चालू असतो. आरसीचा फोटो मोबाइलमध्ये चालतो. सुप्रीम कोर्टाचा आदेश, सर्वांना पाठवा.' खाली हात जोडलेले. त्यावर काकांचा अंगठा, मावशीचे 'उपयुक्त माहिती', आणि मेहुण्याचे 'मग पाडव्यालाच आणतो, नंबर येईल मागून'.

नाही आणायची.

आधी पावतीचं बघू. खासगी गाडीचा एकरकमी कर पासिंगच्या, म्हणजे आरटीओतल्या नोंदणीच्या, अर्जासोबतच भरला जातो. म्हणजे ज्याची फाइल आरटीओत अडकली आहे त्याच्याकडेही पावती असतेच. गाडीची नोंदणी झाली हे त्या पावतीवरून ठरत नाही. फाइल पुढे सरकली, एवढंच कळतं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ३९ कर भरला का असं विचारत नाही. गाडी नोंदलेली आहे का आणि नंबर लावलेला आहे का, हे दोनच प्रश्न त्यात आहेत. दोन्हीचं उत्तर 'नाही' असेल तर कलम १९२ खाली पहिल्या वेळेला २ ते ५ हजार दंड, आणि पुन्हा सापडलात तर ५ ते १० हजार किंवा वर्षभरापर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवता येते. पोलीस अडवू शकत नाहीत म्हणे! आणि दंड फक्त चालवणाऱ्याला नाही, चालवू देणाऱ्यालाही आहे. 'मी कुठे चालवत होतो, भाच्याने नेली' हे चालत नाही.

ए/एफ बद्दल फार लिहीत नाही. 'अर्ज केला आहे' असं पाटीवर लिहिल्याने गाडी नोंदली जात नाही. शोरूमचा लाल पाटीवरचा पांढरा नंबर हा डीलरच्या ट्रेड सर्टिफिकेटचा, म्हणजे त्याच्या धंद्यापुरत्या परवान्याचा, तो लावून तुम्ही सासुरवाडीला जाऊ शकत नाही.

आता इन्शुरन्स. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण दोन-पाच हजारांचा दंड माणूस भरून मोकळा होतो, गाडीची किंमत बुडाली तर काय करणार? पॉलिसी पहिल्या दिवसापासून असते हे खरं. पण पॉलिसी असणं आणि क्लेम मिळणं यात फरक आहे, आणि तो फरक खुद्द सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवला आहे. मेसेजमध्ये ज्या कोर्टाचं नाव घेतलंय, तेच. राजस्थानातल्या श्रीगंगानगरच्या एका माणसाने नवी बोलेरो घेतली. टेम्पररी नोंदणीची मुदत १९ जुलै २०११ ला संपली. कायमची नोंदणी झाली नव्हती. गाडी घेऊन तो जोधपूरला गेला, रात्री गेस्ट हाउसबाहेर लावली, आणि २८ तारखेला सकाळी गाडी गायब. विमा सहा लाखांच्या वर होता. युनायटेड इंडिया इन्शुरन्सने क्लेम नाकारला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने निकाल मालकाच्या बाजूने दिला. पण ३० सप्टेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला: नोंदणी नसताना गाडी वापरली, हा पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग, पैसे मिळणार नाहीत.

लक्षात घ्या, त्याचा अपघात झाला नव्हता. गाडी चोरीला गेली तेव्हा ती उभी होती. 'चोरीचा आणि नंबरचा काय संबंध?' असं कुणालाही वाटेल, मलाही निकाल वाचताना वाटलं. कोर्टाचं म्हणणं, गाडी श्रीगंगानगरहून जोधपूरला उडत आली नव्हती. २०१४ मध्येही याच कोर्टाने अपघातात मोडलेल्या एका गाडीबाबत असाच निकाल दिला होता, तिथेही टेम्पररी नोंदणीची मुदत उलटलेली. मेसेजवाल्याच्या 'आदेशा'ला ना तारीख, ना पक्षकार.

'एक महिना' हे मात्र हवेतून आलेलं नाही, तेवढं मान्य करतो. कलम ४३ मध्ये तात्पुरती नोंदणी आहे आणि राज्यातल्या राज्यात फिरायला ती महिनाभराची मिळू शकते. पण तिचा अर्ज करावा लागतो, वेगळा नंबर मिळतो, तो पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत लावावा लागतो. कागदावर लिहून काचेला चिकटवलेला चालत नाही. पावतीसोबत फुकटात येणारी ती सवलत नव्हे.

फोटोचंही अर्धंच खरं. २०१८ पासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधली आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) मूळ कागदासारखीच धरली जाते. गॅलरीतला फोटो किंवा झेरॉक्सचा स्कॅन म्हणजे ती नव्हे. म्हणजे पासिंग झालं, पाटी बसली आणि आरसीचं स्मार्ट कार्ड पोस्टात रखडलं, तर खुशाल गाडी चालवा. वाट बघायची सोय इथे आहे, नंबर नसताना नाही.

आणि खरं तर हा प्रश्न ग्राहकावर यायलाच नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ४१ सांगतं की नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज डीलरने करायचा आणि नंबर लागल्याशिवाय गाडी मालकाच्या ताब्यात द्यायचीच नाही. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरपाटी, १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना सक्तीची आहे. तरी मुहूर्ताच्या दिवशी 'साहेब, घेऊन जा, पाटी नंतर बसवू' म्हणणारे सेल्समन असतात, आणि पेढ्यांचा बॉक्स हातात घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणवत नाही. चॉईस नंबरच्या नादात थांबलेले तर हमखास सापडतात.

पाडवाच साधायचा असेल तर पैसे आणि कागद काही दिवस आधी द्या आणि पासिंग त्याआधी उरकायला लावा. चावी घेण्यापूर्वी नंबर एमपरिवहनवर टाकून गाडी दिसते का पाहा, पुढच्या-मागच्या पाट्या बसल्यात का पाहा. पुजेचा नारळ शोरूममध्येही फोडता येतो, गाडी दोन दिवसांनी आणा.