घशातले पांढरे ठिपके आणि फ्रिजमधली उरलेली बाटली

‘मुलाच्या घशात पांढरे ठिपके म्हणजे बॅक्टेरियाच. मागची उरलेली अँटिबायोटिकची बाटली काढा, तीन दिवस द्या. दही-भात बंद. तान्ह्यालाही मध चाटवा. नाहीतर हृदय निकामी होतं.’ हा मेसेज पालकांच्या ग्रुपवर सारखा फिरतो. माझी अडीच वर्षांची भाची आजारी पडली तेव्हा घरात तो मोठ्याने वाचला गेला, म्हणून लिहितेय.

आधी ठिपके. चमच्याच्या दांड्याने जीभ दाबून मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर तिच्याही टॉन्सिलवर ठिपके होते. पण नाक वाहत होतं, खोकला होता, डोळे लाल, आवाज बसलेला. हे सगळं व्हायरसचं लक्षण. अडिनोव्हायरसमध्ये असे ठिपके अनेकदा येतात. स्ट्रेप्टोकोकस या बॅक्टेरियाने घसा धरला तर सर्दी-खोकला सहसा नसतो. एकदम ताप चढतो, मानेतल्या गाठी दुखतात, आणि मूल बहुधा 5 ते 15 वर्षांचं असतं. तीन वर्षांखाली तो क्वचितच. शंका असली तर डॉक्टर घशाचा स्वॅब घेतात. व्हायरसवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, जुलाब मात्र लागू शकतात.

हृदयाची भीती खोटी नाही. स्ट्रेप्टोकोकसवर उपचार झाले नाहीत तर काही मुलांना रूमॅटिक फीवर होतो, झडपा खराब होतात. आपल्याकडे आजही होतात. पण घसा धरल्यापासून 9 दिवसांत औषध सुरू झालं तरी तो टळतो. म्हणजे डॉक्टरांना दाखवायला वेळ आहे. आणि पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन तोंडाने द्यायचं तर 10 दिवस द्यावं लागतं. तीन दिवसांचा डोस तिथेही अपुराच! शिवाय पाणी घालून तयार केलेलं ते सिरप फार तर दोन आठवडे टिकतं. मागच्या महिन्यातली बाटली ओतून टाका.

मध वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको. बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

दही-भाताने घसा बिघडत नाही. भाचीने दोन दिवस गार, मऊ कालवलेला दही-भातच खाल्ला, तोही चार-चार चमचे. पाणी, पेज घोट-घोट पाजत राहायचं. तापाला पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी वजन बघून सांगितलं तेवढंच.

मूल लाळ गिळू शकत नसेल, श्वासाला घरघर असेल, आठ तास लघवी झाली नसेल, ताप तीन दिवसांपुढे गेला असेल, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप असेल तर थांबू नका. घशात राखाडी पडदा दिसला आणि लशी राहिल्या असल्या, तर घटसर्प असू शकतो. त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठा.