म्हणे पृथ्वी तापली की वाळवंटं हिरवी होणार!

एक दावा सध्या जिकडेतिकडे फिरतोय, तुमच्यापर्यंतही आला असेल. थोडक्यात असा: हवा तापली की वाफ जास्त, वाफ जास्त म्हणजे पाऊस जास्त, त्यामुळे कोरड्या प्रदेशांचा उलट फायदाच, सहारा पूर्वी हिरवागार होता, सॅटेलाइटला आताही हिरवळ वाढलेली दिसते आणि तिथले प्राणी-पक्षी काय, उन्हाला सरावलेलेच. गंमत म्हणजे यातली अर्धी वाक्यं सुटी सुटी घेतली तर खरी आहेत, म्हणून तर लोकांना पटतं.

"वाफ जास्त म्हणजे पाऊस जास्त." हवा 1 अंशाने तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, इथपर्यंत ठीक. पण ते बाष्प कुठे पडेल हे वारे ठरवतात, आणि तोवर तीच तहानलेली हवा जमिनीतून, पानांतून, तलावातून पाणी ओढत बसते. कोरड्या पाणलोटात पडलेल्या पावसातला बहुतेक हिस्सा असाच परत वर जातो, नदीला मिळतं ते उरलंसुरलं, त्यामुळे पाऊस थोडा जरी घटला किंवा ऊन थोडं जरी वाढलं तरी मार बसतो तो त्या उरलेल्यावरच. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाला, पर्थच्या भागात, 1970 च्या दशकानंतर पाऊस साधारण 15-20 टक्के कमी झाला आणि धरणांत येणारं पाणी मात्र निम्म्याहून जास्त घटलं! अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचं तसंच. 2000 ते 2014 मधला प्रवाह विसाव्या शतकाच्या सरासरीपेक्षा 19 टक्के कमी होता आणि त्यातली साधारण एक तृतीयांश घट नुसत्या उष्णतेची, असं संशोधकांनी काढलंय. 2021 मध्ये तर वर डोंगरावर बर्फ सरासरीपेक्षा थोडंच कमी होतं, तरी खाली त्याच नदीवरच्या पॉवेल जलाशयात नेहमीच्या एक तृतीयांशाच्या आसपासच पाणी पोचलं, कारण वाटेतली जमीन आधीच इतकी सुकलेली की वितळलेलं पाणी तिनेच पिऊन टाकलं.

"पण पडतो तेव्हा धो धो पडतो ना, भूजल भरेल." हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. टांझानियात मकुतापोरा इथल्या विहिरींची 55 वर्षांची नोंद आहे, त्यात भूजल भरलंय ते मोजक्या अतिवृष्टीच्या हंगामांतच, 1997-98 च्या एल निन्योत (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्या काळात) सगळ्यात जास्त. म्हणजे नदीच्या वाळूच्या पात्रात पाणी काही काळ टिकलं तर मुरतं. पण उघड्या, कडक झालेल्या जमिनीवर तोच पाऊस मुरायच्या आत वाहून जातो. सप्टेंबर 2023 मध्ये लिबियात डेर्नाच्या कोरड्या नदीत काय झालं ते आठवा, दोन धरणं फुटली आणि हजारो माणसं गेली. त्या पाण्याला कोणी फायदा म्हणेल का?

सहाऱ्याचं पटकन संपवतो. साधारण 11,000 ते 5,000 वर्षांपूर्वी तिथे गवत आणि तलाव होते, खरं आहे. पण त्याचं मूळ कारण पृथ्वीच्या अक्षाचं डोलणं, त्याने उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात सूर्याची ऊर्जा जास्त पडायची आणि मान्सून उत्तरेकडे सरकायचा. कार्बन डायऑक्साइडचा तो परिणाम नव्हता, त्यामुळे आजच्या तापमानवाढीला ते उदाहरण लावता येत नाही. विषय संपला.

आता सॅटेलाइटची हिरवळ, आणि इथेच खरी मेख आहे. 1982 ते 2010 दरम्यान उष्ण कोरड्या प्रदेशांत कार्बन डायऑक्साइडमुळे पानांचं आच्छादन साधारण 11 टक्के वाढलं असा अभ्यास आहे, मी तो नाकारत नाही. हा वायू जास्त असला की पानं आपली छिद्रं कमी उघडतात आणि तेवढ्याच पाण्यात जास्त वाढ होते. मग पाणी वाचायला हवं ना? तर नाही, कारण पानंच वाढली की एकूण पिणारी तोंडं वाढली. ऑस्ट्रेलियातल्या खोऱ्यांवरचा 2016 चा अभ्यास सांगतो की कोरडवट खोऱ्यांत या हिरवळीपायी नद्यांचा प्रवाह 24 ते 28 टक्क्यांनी घटला. म्हणजे फोटोत जे हिरवं दिसतंय ते काही प्रमाणात नदीचंच पाणी आहे. शिवाय सॅटेलाइटला हिरवं म्हणजे हिरवं, ते मूळचं झुडूप आहे की बाहेरून घुसलेलं गवत हे त्या एका आकड्यात कळत नाही. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात असंच परकं गवत झुडपांमधल्या मोकळ्या जागा भरतं आणि वाळलं की आगीला वाट करून देतं. ऑगस्ट 2020 मध्ये लागलेल्या 'डोम' नावाच्या आगीत जोशुआ नावाची तिथली खास वाळवंटी झाडं 13 लाखांच्या आसपास मेली.

राहिलं "सरावलेले प्राणी". सरावलेले म्हणजे आधीच सहनशक्तीच्या काठावर जगणारे! त्याच मोहावीत विसाव्या शतकातल्या जुन्या पक्षीनोंदींच्या जागा संशोधकांनी पुन्हा पाहिल्या, 2018 मध्ये निष्कर्ष आला की प्रत्येक ठिकाणी सरासरी 43 टक्के प्रजाती गायब. मुख्य कारण घटलेला पाऊस, आणि ज्या पक्ष्यांना अंग थंड ठेवायला जास्त पाणी लागतं त्यांनाच जास्त फटका बसला, कारण ऊन वाढलं की तेवढं पाणी आणायचं कुठून? आणि ज्यांना वाटतं की वाळवंटात पाऊस म्हणजे वरदानच, त्यांनी चिलीतलं अटाकामा वाळवंट बघावं. तिथल्या अतिकोरड्या भागात 2015 आणि 2017 मध्ये दुर्मिळ पाऊस पडून तळी साचली, आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या 75 ते 87 टक्के प्रजाती एवढं पाणी अचानक आत शिरल्यानेच मेल्या.