जुन्या डिझेल गाडीसाठी मोठा टर्बो कसा निवडावा

आपली डिझेल गाडी बारा-तेरा वर्षांची झाली असेल, ऐन गळीत हंगामात सोलापूरच्या बार्शी रस्त्यावर दोन ट्रॉल्यांच्या उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडताना ती पूर्वीसारखी उसळी घेत नसेल आणि काल-परवा परवाना मिळालेली पोरे हॉर्न वाजवत आपल्या पुढे निघून जात असतील, तर हा अपमान निमूट गिळण्याचे काही कारण नाही. मोठा टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र, बसवावा. ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन यांचा विचार मनात आलाच तर तो वार्धक्याचे लक्षण समजून झटकून टाकावा, कारण थांबण्याचा प्रश्न येण्याआधी वेग तर यायला हवा.

निवडीची पहिली अट अशी की, गाडीवर असलेल्या टर्बोची तपासणी कोणालाही करू देऊ नये. टर्बोकडून, तापलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीला क्लिपेजवळ बोटभर चीर पडली, तरी पिकअप पडतो, ॲव्हरेज घसरते, चढावर काळा धूर निघतो आणि ॲक्सिलरेटर दाबताच बॉनेटखालून फुस्स असा आवाज येतो. एअर फिल्टरमध्ये अक्कलकोट रस्त्यावरची धूळ दाटून बसली किंवा थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अर्धवट उघडा अडकला, तरी लक्षणे साधारण हीच असतात. परंतु नळी आणि फिल्टर बदलून गाडी पूर्ववत झाली, ही बातमी पार्क चौकात चहा पिताना सांगण्यासारखी नसते. काही शंकेखोर माणसे इंजिन थंड असताना टर्बोच्या तोंडावरचा हवेचा पाइप सोडवतात, आतल्या चाकाच्या टोकाची नट अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरतात आणि शाफ्ट हलवून पाहतात. बाजूला किंचित हलणे हे दुखणे नव्हे, कारण तो शाफ्ट बेअरिंगमध्ये तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरण्यासाठीच बनवलेला असतो. आत-बाहेर हालचाल जाणवली किंवा पाती घराच्या भिंतीला घासल्याच्या चकाकत्या खुणा दिसल्या, तर मात्र टर्बो संपला असे मानतात. ही परीक्षा आपण टाळावी, कारण टर्बो ठणठणीत निघाला तर खरेदीचे कारणच उरत नाही. "मालक, टर्बोला काय बी झालं नाही की, नुसता पाइप फुटलाय," असे म्हणणारा मेस्त्री भेटलाच, तर त्याचा नंबर मोबाइलमधून काढून टाकावा आणि ज्याला असले काही दिसत नाही असा दुसरा गाठावा.

आता आकार. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात दाबून हवा भरावी, या कल्पनेचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 मध्ये घेतले. टर्बो बनवणाऱ्या कंपन्या आपल्या टर्बोंसाठी कॉम्प्रेसर मॅप नावाचा एक आलेख काढतात. किती हवा, किती दाब आणि त्या जागी टर्बोची कार्यक्षमता किती, हे त्यावर नकाशातल्या बेटांसारख्या वर्तुळांत दाखवलेले असते. आपल्या इंजिनाची गरज त्या बेटांच्या मध्यभागी पडते की डावीकडच्या सर्जच्या, म्हणजे हवा उलटी फिरू लागण्याच्या, रेषेपलीकडे जाते, हे पाहून टर्बो निवडायचा असतो. आपल्याला एवढा वेळ कुठला? दुकानाच्या फळीवर ओळीने मांडलेल्या टर्बोंपैकी उचलताना ज्याच्याने कंबरेत कळ येईल, तो आपला.

आपल्या देशात निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांतून धावलेले 1248 सीसीचे प्रसिद्ध डिझेल इंजिन उदाहरणादाखल घेऊ. टर्बो नसता तर 4000 आरपीएमला ते मिनिटाला फार तर अडीच हजार लिटर हवा ओढू शकले असते. दाब दुप्पट केला तर जास्तीत जास्त त्याच्या दुप्पट. गावात मात्र ते इंजिन क्वचितच 2000 च्या वर जाते. ट्रकच्या खानदानातला टर्बो त्यावर चढवला, तर नवी पेठेच्या गर्दीत त्याचे चाक फिरवण्याएवढा धूरच तयार होत नाही, त्यामुळे गाडी पूर्वीपेक्षा मठ्ठ चालते. आणि मग सात रस्त्याच्या पुढे जरा मोकळी जागा दिसून आपण पाय दाबला, की दोन-तीन सेकंद काहीच न होता एकदम सारा दाब येतो, तोही नेमका समोर रिक्षा आडवी वळत असताना. या विलंबाला लोक टर्बो लॅग म्हणून नावे ठेवतात. आपण त्याकडे वाहनचालकाच्या संयमाची साधना म्हणून पाहावे.

याच इंजिनाच्या 75 अश्वशक्तीच्या रूपात पक्क्या भूमितीचा टर्बो होता आणि 90 च्या रूपात धुराची वाट कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या पात्यांचा, म्हणजे व्हीजीटी. अपघातात गेलेल्या 90 च्या गाडीचा टर्बो काढून 75 वर बसवला की पंधरा अश्वशक्ती पदरात पडली, असा सरळ हिशेब अनेकांनी मांडलेला असतो आणि तो आपणही मांडावा. ती पाती कधी किती उघडायची हे गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो आणि आपल्या ईसीयूच्या गावीही पाती नाहीत, ही क्षुल्लक अडचण आहे. पाती हलवणारा ॲक्च्युएटर तारेने बांधून टाकावा. पाती मिटलेल्या अवस्थेत बांधली गेली तर दाब आवरत नाही, उघड्या अवस्थेत बांधली गेली तर दाब येतच नाही. यातले काय पदरी पडेल हे तार बांधणाऱ्याच्या हातगुणावर सोडावे.

सोलापूरच्या हवेचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे, कारण टर्बोच्या जाहिरातीतील आकडे थंड हवेतले असतात आणि आपण मे महिन्यात 44 अंशांत राहतो. 15 अंशांच्या हवेच्या तुलनेत ही हवा मुळातच नऊ टक्क्यांच्या आसपास विरळ असते. ती दुप्पट दाबाला आणली, तर चांगल्या कार्यक्षमतेचा टर्बोसुद्धा तिला 140 अंशांच्या घरात तापवतो, आणि बेटाबाहेर चाललेला टर्बो त्याहूनही अधिक. दाब वाढला तरी हवा तापून फुगल्यामुळे तिच्यातील प्राणवायू त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणूनच इंटरकूलर लावतात. आणि आपला जुना इंटरकूलर तेलाच्या थराने आतून व चिखलाने बाहेरून माखलेला असतो. मोठ्या टर्बोबरोबर मोठा इंटरकूलर घ्यावा लागतो असे कोणी म्हणाले, तर तो इंटरकूलर विकणारा आहे असे समजावे.

नुसत्या हवेने ताकद वाढत नाही, डिझेलही वाढवावे लागते. त्यासाठी रिमॅप, म्हणजे ईसीयूमधल्या इंधनाच्या हिशेबात बदल, करून घ्यावा, आणि करणाऱ्याने "किती वाढवू?" असे विचारल्यास "जेवढे जाते तेवढे" असे उत्तर द्यावे. डिझेल इंजिनात हवा कमी आणि इंधन जास्त झाले की काळा धूर येतो आणि धुराचे तापमान चढते, मग पिस्टनचे ॲल्युमिनियम आणि टर्बाइनचे चाक ते तापमान आपापल्या परीने सोसतात. हेड गॅस्केट तेवढे सोशिक नसते. ते कडक भाकरीसारखे तडकते. क्लचप्लेट त्याआधीच गेलेली असल्यामुळे गॅस्केटची वेळ जरा लांबू शकते, ही एक सोय.

तेलाबाबत मात्र काटेकोर असावे, म्हणजे जुन्या तेलाचा थेंबही वाया घालवू नये. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याला सांभाळणारे तेल पेन्सिलीएवढ्या एका नळीतून येते. बारा वर्षांत ती नळी आतून जळक्या तेलाच्या खपलीने अरुंद झालेली असते, म्हणून नव्या टर्बोबरोबर नळी, तेल आणि तेलाचा फिल्टर बदलण्याची पद्धत आहे. आपण जुनीच नळी ठेवावी; नव्या टर्बोला पहिल्या दिवसापासून उपासाची सवय लागलेली बरी. त्याच न्यायाने तुळजापूरचा घाट भरधाव चढून गेल्यावर इंजिन मिनिटभर आयडलिंगवर ठेवू नये, पार्किंगमध्ये शिरताच किल्ली फिरवावी. लाल तापलेल्या टर्बाइनची उष्णता मग थांबलेल्या तेलाला बेअरिंगमध्येच भाजून त्याचा कोळसा करते, आणि आपल्याला दर्शनाच्या रांगेत एक मिनिट आधी उभे राहता येते.

कायद्याची भीती बाळगू नये. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाहनात परस्पर बदल करू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकते. पीयूसीला गेलात तर सायलेन्सरमध्ये नळी घालून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगतात. भारत स्टेज 4 च्या डिझेल गाडीला धुराच्या काळेपणाची मर्यादा 50 हार्ट्रिज एकक आहे, त्याहून जुन्या गाडीला 65. आपली गाडी ज्या क्षणी ती मर्यादा ओलांडेल, त्या क्षणी टपरीतला मुलगा पडद्याकडे आणि आपण काळ्या पडलेल्या भिंतीकडे पाहत असाल. तेव्हा "परवाच टर्बो बदललाय," असे अभिमानाने सांगावे.

पुढे लवकरच केव्हातरी हा टर्बो शिटी मारू लागेल आणि निळा धूर सोडून शांत होईल. त्या वेळी पुन्हा त्याच दुकानात जावे, जेथे आपण आपला जुना टर्बो "भंगार घरी कशाला न्यायचे" म्हणून सोडून आला होता. दुकानदार फळीवरून एक छोटा, घासूनपुसून चकचकीत केलेला "रिकंडिशन" टर्बो काढेल. तो आपल्या गाडीला कोणतीही जोडतोड न करता, बोल्टला बोल्ट लागून बसेल. इतका चपखल माल मिळाल्याबद्दल भावात घासाघीस करू नये. त्याच्या घरावर आपल्याच पहिल्या मेस्त्रीने मारलेली पिवळ्या रंगाची खूण दिसली, तर योगायोग म्हणून सोडून द्यावे. क्लिपेजवळची ती फाटकी नळी मात्र अजूनही बदलू नये.