१६९.२५४ दिसला की राउटरला दोष देण्याआधी

नेट बंद पडण्यावरच्या एका लेखात ‘नेट गेलं की राउटर बंद-चालू करा’ एवढंच सांगितलंय. आधी मोबाइल किंवा कॉम्प्युटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीचं, म्हणजे राउटरमधल्या पत्ते वाटणाऱ्या सोयीचं, उत्तरच आलेलं नाही, मशीनने स्वतःच पत्ता लावून घेतलाय. तारकर्ली-गुहागरकडच्या होमस्टेत मे महिन्यात हे व्हायचंच: पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा) १०० ते १४९, म्हणजे पत्ते ५०, आणि लीज (एक पत्ता राखून ठेवायची मुदत) २४ तासांची. सकाळी गेलेल्या पाहुण्यांचे मोबाइल दुसऱ्या दिवसापर्यंत पत्ते अडवून ठेवतात, नव्या पाहुण्यांना पत्ताच उरत नाही. लीज २ तासांवर आणा. जोडलेला मोबाइल अर्ध्या मुदतीलाच ती गुपचूप वाढवून घेतो. माडीवर सिग्नलसाठी दुसरा राउटर लावलात तर त्याचा डीएचसीपी बंद, स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२, केबल लॅन पोर्टात (घरातली उपकरणं जोडायच्या खाचेत). नाहीतर दोघेही पत्ते वाटत सुटतात, आणि मग शोधत बसा!