बर्लिनचा बलून संघ आणि ‘श्रीमंतांची हौस’ हा आरोप

जर्मनीतील हवाई विद्येचा इतिहास 1900 मध्ये काउंट झेपेलिनच्या वायुनौकेपासून सुरू होतो, त्याआधीचे बलून संघ ही सरदार-दरकदारांची आणि लष्करी अधिकाऱ्यांची हौस होती, त्यांनी विज्ञानात कसलीही भर घातली नाही आणि पंखांनी उडू पाहणाऱ्या ओटो लिलिएंटालला त्यांनी दाराबाहेर ठेवले, असा दावा वारंवार वाचायला मिळतो. त्यातल्या एका विधानात थोडे तथ्य आहे. बाकीची पुराव्यापुढे टिकत नाहीत.

कालक्रमाची चूक उघड आहे. हवाई प्रवासाच्या प्रसारासाठीचा जर्मन संघ बर्लिनमध्ये 1881 साली स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्याचे नियतकालिक निघू लागले. म्युनिकचा संघ 1889 चा. झेपेलिनची पहिली वायुनौका 2 जुलै 1900 रोजी बोडन सरोवरावर उडाली, तेव्हा बर्लिनच्या संघाला एकोणीस वर्षे होत आली होती.

लिलिएंटालबद्दलचे विधान तर वस्तुस्थितीच्या थेट उलट आहे. तो 1886 मध्ये याच संघाचा सभासद झाला, संघापुढे त्याने व्याख्याने दिली आणि आपल्या प्रयोगांवरचे लेख संघाच्या नियतकालिकात छापले. उड्डाणाचे भवितव्य बलूनमध्येच आहे असे मानणारे सभासद संघात होते, हे खरे. परंतु मत न पटणे वेगळे आणि माणसाला बाहेर ठेवणे वेगळे. ज्या व्यासपीठावर त्याचे म्हणणे छापले आणि ऐकले गेले, त्यालाच त्याचा शत्रू ठरवणे अन्यायाचे आहे.

आता हौशीचा मुद्दा. सभासदांत अधिकारी, प्राध्यापक आणि पैसेवाले लोक बरेच होते, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बलूनच्या शर्यतींना खेळाचे रूप आले, हे मान्य करावेच लागेल. पण 1888 ते 1899 या काळात बर्लिनमधून वैज्ञानिक निरीक्षणांसाठी माणसांना घेऊन 65 उड्डाणे झाली, त्यांचा तीन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने या कामासाठी 50,000 मार्क दिले. त्या पैशातून बांधलेले ‘हुंबोल्ट’ हे बलून 1893 मध्ये सहाव्या उड्डाणानंतर, जमिनीवर उतरल्यावर, गॅस पेटून नष्ट झाले; तरीही काम न थांबवता ‘फिनिक्स’ बांधले गेले. केवळ मौजेसाठी जमलेली मंडळी इतक्या नुकसानीनंतर त्याच मोजमापांकडे परत वळली असती, असे मला वाटत नाही.

‘विज्ञानात भर नाही’ या विधानाला उत्तर द्यायचे तर हवामानशास्त्रज्ञ रिखार्ड आसमान याचे उपकरण नीट पाहिले पाहिजे. बलून वाऱ्याबरोबरच वाहत असल्यामुळे टोपलीत बसलेल्याला वारा जवळजवळ लागत नाही. अशा स्तब्ध हवेत ऊन लागलेला तापमापक स्वतःच तापतो आणि हवेचे खरे तापमान सांगत नाही. आसमानने हान्स बार्च फॉन झिग्सफेल्ड या सहकाऱ्याबरोबर असे उपकरण घडवले की, त्यात तापमापकाच्या टोकाच्या गोळ्याभोवती चकचकीत धातूच्या दुहेरी नळ्या होत्या आणि वर घड्याळाच्या किल्लीसारख्या यंत्रणेवर फिरणारा छोटा पंखा हवा सतत ओढून घेत असे. ऊन परतवले जाई आणि ताजी हवा त्या गोळ्याला लागे. यामुळे इंग्लंडच्या जेम्स ग्लेशरने 1860 च्या दशकात बलूनमधून मोठ्या उंचीवर घेतलेल्या तापमानाच्या नोंदी वास्तवापेक्षा उबदार होत्या, हे दाखवता आले. हेच तत्त्व पुढे हवामानशास्त्रात रूढ झाले. झिग्सफेल्डला मात्र 1902 मध्ये अँटवर्पजवळ बलून उतरवताना प्राण गमवावे लागले, आणि ‘हौस’ हा शब्द वाचताना मला प्रत्येक वेळी तोच आठवतो.

याच मोहिमेतला हवामानशास्त्रज्ञ आर्थर बेर्सन 4 डिसेंबर 1894 रोजी श्टासफुर्टहून ‘फिनिक्स’मधून एकटाच निघाला आणि नळीने ऑक्सिजन घेत 9,155 मीटरवर पोहोचला, तिथे त्याने उणे 47.9 अंश सेल्सिअसची नोंद केली. त्यानंतर 31 जुलै 1901 रोजी तो राइनहार्ड झ्युरिंगसह 8,400 घनमीटरच्या ‘प्रॉइसन’मधून बर्लिनहून निघाला. सुमारे 10,800 मीटर उंची गाठणाऱ्या त्या उड्डाणात दोघेही बेशुद्ध पडले. पण सोबत्याची अवस्था पाहून बेर्सनने शुद्ध हरपण्याआधी गॅस सोडणाऱ्या झडपेची दोरी ओढली होती, म्हणून ते जिवंत परतले.

शेवटचा आक्षेप असा की, स्थितांबराचा, म्हणजे जिथे उंचीबरोबर तापमान घटायचे थांबते त्या वरच्या थराचा, शोध तर फ्रान्सच्या तेसरांक द बोरने मानवरहित बलूनांनी लावला, मग बर्लिनच्या धोकादायक उड्डाणांचा उपयोग काय? तेसरांक द बोर आणि आसमान या दोघांनी 1902 च्या वसंतात काही दिवसांच्या अंतराने आपापले निष्कर्ष स्वतंत्रपणे जाहीर केले. आसमानकडे मानवरहित रबरी बलूनांच्या नोंदी होत्या. उंचावर तापमान घटायचे थांबते, असे त्या नोंदी सांगत होत्या, पण तो उन्हामुळे होणारा भास असेल, ही शंका तेव्हा रास्त होती. बेर्सन आणि झ्युरिंग यांच्या उड्डाणामुळे, निदान त्यांनी गाठलेल्या उंचीपर्यंत, मानवरहित उपकरणांची नोंद प्रत्यक्ष माणसाने वाचलेल्या तापमापकाशी ताडून पाहता आली.