गार्ड फाइलला कॉपी, आईला नाही

आईला यंदा ८० पूर्ण झाली. ऐंशीनंतर मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतं, फॅमिली पेन्शन असली तरी, हे ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या समस्त रिटायर्ड मंडळींना रामरक्षेसारखं पाठ आहे. बँकेत गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "अंकल, ऑर्डर ले आइए." अरे बाबा, ऑर्डर सरकारने काढली, पाळायची तुम्ही, आणि हुडकून मी आणायची?

पण हुडकायला बसलो. व्हॉट्सअॅपवर सापडली ती झेरॉक्सचा फोटो, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा आणि क्रमांक-दिनांक नेमका त्या अंगठ्याखाली. एका सरकारी साइटवर बरीच खटपट केल्यावर पीडीएफ मिळाली, तीही वाकडी स्कॅन केलेली, म्हणजे चित्रच ते, त्यात 'पेंशन' टाकून सर्च केलं तर शून्य, आणि नंबरही वाचता येईना. पुण्याच्या मावसभावाला फोन केला तर तो म्हणतो आमच्याकडे जीआरची साइट आहे, विभाग टाक, तारीख टाक, शब्द टाक, मराठीत पीडीएफ समोर, खाली सांकेतांकसुद्धा. जळलो थोडा. त्याचे जीआर आमच्या काय कामाचे, त्याचं सरकार महाराष्ट्राचं, आमचं मध्यप्रदेशचं.

अण्णा (आमचे वडील, आता नाहीत) मोतीमहालातल्या एका ऑफिसात आयुष्यभर नोटशीट (फाइलमधलं टिपण) लिहीत होते. ते सांगायचे, ऑर्डर वरून खाली येते हा लोकांचा गैरसमज, ती आधी खालून वर जाते. बाबू नोटशीट मांडतो, मग अवर सचिव, उपसचिव, प्रमुख सचिव, पैशाचा मामला असला की वित्त विभागाची सहमती, मग मंत्री. आणि मंत्र्याने सही केली तरी ती ऑर्डर नव्हेच! घटनेच्या कलम १६६ प्रमाणे ती राज्यपालांच्या नावाने निघावी लागते, म्हणून तर प्रत्येक कागदावर ते "मध्यप्रदेश के राज्यपाल के नाम से तथा आदेशानुसार" असतं आणि खाली सही कुणा अवर सचिवाची. १९६२ साली सुप्रीम कोर्टाने पंजाबच्या एका केसमध्ये हेच म्हटलं, मंत्र्याने फाइलवर काहीही लिहिलेलं असो, रीतसर आदेश निघून त्या माणसाला कळवला जात नाही तोवर तो आदेशच नाही, मत बदलता येतं.

कळवला जात नाही तोवर. आता कुठलीही ऑर्डर काढा आणि शेवटचं पान बघा, प्रतिलिपि कुणाकुणाला: महालेखाकार, सगळे विभागाध्यक्ष, कमिश्नर, कलेक्टर, कोषालय अधिकारी, आणि सगळ्यात शेवटी गार्ड फाइल, म्हणजे ऑफिसातच ऑर्डरींच्या कॉप्या लावून ठेवायची फाइल. गार्ड फाइलला कॉपी! जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती आई मात्र लिस्टमध्ये कुठेच नाही.

महागाई राहतचं (पेन्शनवरच्या महागाई भत्त्याचं) तर विचारूच नका. २००० मध्ये छत्तीसगड वेगळं झालं आणि त्या पुनर्गठन कायद्याच्या कलम ४९ पायी जुन्या पेन्शनचा बोजा दोन्ही राज्यांत वाटला गेला, म्हणून भोपाळला निर्णय झाला तरी रायपूरच्या सहमतीची वाट बघायची, हे वर्षानुवर्षं बघत आलोय. फाइल कुठे अडली हे पेपर वाचून कळतं, सरकारकडून नाही.

आपल्या ग्वाल्हेरचाच एक किस्सा फार कमी जणांना माहीत आहे. शिंद्यांच्या घोडदळातल्या एका घराण्याला दरबाराकडून वंशपरंपरा पेन्शन होती, महिना २१ रुपये ८ आणे. स्वातंत्र्यानंतर ग्वाल्हेर ज्या मध्यभारत राज्यात गेलं, त्याच्या सरकारने ती एका साध्या प्रशासकीय आदेशाने बंद करून टाकली. माणूस सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६० मध्ये जिंकला! सरकारचं म्हणणं, महाराजांच्या कलमबंद्या (पेन्शनबद्दलचे कलमवार लिहिलेले दरबारी कागद) म्हणजे नुसते हुकूम, हुकुमाने दिलं ते हुकुमाने काढलं. कोर्ट म्हणालं नाही, १९१२ आणि १९३५ च्या त्या कलमबंद्या म्हणजे कायदा, आणि कायदा असा ऑर्डर काढून मोडता येत नाही. साडेएकवीस रुपयांसाठी! पण मला त्यातलं वेगळंच भिडतं, १९१२ चा कागद १९६० साली कोर्टात कलमवार वाचता आला. आणि मला माझ्याच सरकारच्या कागदावरचा नंबर वाचता येत नाही.

कुणी म्हणेल आरटीआय टाका. टाकलाय, १० रुपये भरून, ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आज एकोणिसावा. पण त्याच २००५ च्या कायद्याचं कलम ४ वाचा, त्यात ही माहिती कुणी न मागता सरकारने आपणहून मांडून ठेवायची आहे. म्हणजे मी १० रुपये भरून मागतोय ते मुळात मागायलाच लागायला नको होतं.

आई म्हणते राहू दे रे, एवढ्याशासाठी कशाला. मी नाही राहू देणार.

तर ग्रुपमधल्या कुणाकडे ती ऑर्डर क्रमांक-दिनांकासकट सगळी पानं असलेली असेल तर इनबॉक्स करा. स्क्रीनशॉट नको, आणि अंगठा बाजूला घ्या प्लीज.